नलूताईने लावलेलं कुंकू

माझ्या आजीला वेडी ठरू न देणारी बाई आज पहाटे गेली.

नलूताई. कल्याण पूर्वेला आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. मुंबईच्या एका लॅबमध्ये कामाला होती. मेलेल्या माणसांच्या मेंदूचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघायची.
आम्ही पोरं तिच्या जेवणाच्या डब्यालासुद्धा हात लावायचो नाही!

९२-९३ साल असेल. मी दहा वर्षांची.

आजी दिवसभर बरी असायची. दिवे लागले की दारात उभी.
"हे येतील आता. माझं कुंकू कुठे ठेवलंत गो?"

आजोबा जाऊन सहा वर्षं झालेली.
आई रोज खरं सांगायची. आजी रोज नव्याने रडायची.

एकदा घरातून निघाली, ती विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाकावर सापडली. आजोबा कामाला जायचे तो कारखाना तिकडेच होता.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "बस झालं. सोमवारी ठाण्याला नेऊन ठेवतो."
ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. हे आमच्याकडे पोरांनाही कळायचं.

नलूताई ड्यूटीवरून आलेली, दारातच थांबली.
"दादा, त्या वेड्या नाहीत. मेंदूतल्या एका प्रोटीनची घडी चुकते. मग त्याच्या गुठळ्या साठत जातात. मी रोज बघते."

"औषध आहे?"

"नाही."

"मग बघून उपयोग काय तुमचा?"

"आज काहीच नाही," ती म्हणाली. आणि आईकडे वळली. "वहिनी, करंडा द्या जरा कुंकवाचा."

आई जागची हलली नाही.
विधवेला कुंकू? आणि लावणार कोण, तर नवरा गेल्यापासून स्वतःही न लावणारी नलूताई.

करंडा मी आणून दिला.

आजीने कपाळ पुढे केलं. "नीट लाव हां. ह्यांना वाकडं आवडत नाही."

"नीटच लावते. आणि आजी, आजोबांना आज ओव्हरटाइम आहे. तुम्हाला जेवून घ्यायला सांगितलंय."

"मग आधी नाही का सांगायचं!"
आजी पाटावर बसली. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.
सोमवार आला, गेला. ठाण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कुंकू आईच लावायला लागली. आजोबांना पुढे दीड वर्षं रोज ओव्हरटाइम होता.
आजी आमच्या घरात, स्वतःच्या अंथरुणावर गेली.

नलूताईने देहदानाचा फॉर्म कधीच भरून ठेवला होता. "आयुष्यभर दुसऱ्यांचे मेंदू बघितले, आता माझाही बघू देत की," म्हणायची.

आज दुपारी गाडी आली.
तिला बाहेर नेण्याआधी आईने पर्समधून तोच करंडा काढला. कुणाला विचारलं नाही. तिच्या कपाळावर अगदी नीट लावलं.

मग नलूताई मुंबईला गेली. रोज जायची तशी.

तुझं ते औषध अजून सापडलेलं नाही गं.
पण आमची आजी घरी राहिली.

थँक्यू, नलूताई. ये आता.