चौकटीच्या बाजूचं एक सूत

धाकटा भाऊ मीटर शिकून आला तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. आता त्यात आडपडदा कशाला ठेवू? आमचं सुताराचं घर, येरमाळ्याजवळच्या गावात. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या हाताखाली मी पंधरा वर्षं रंधा मारला होता. धाकटा सातवी झाला, कळंबच्या लाकडाच्या वखारीत दोन वर्षं हिशेबाला बसला आणि परत आला तो कानावर पेन्सिल अडकवूनच. पेन्सिल माझ्याही कानावर होती, पण तिच्याकडं कोण बघतंय?

फुटाच्या जागी मीटर आले ते त्याच वर्षांत. अण्णांना काही ते जमेना. पस्तीस घनफुटांचा एक घनमीटर, एका इंचाचे अडीच सेंटीमीटर, असं धाकटा चहा पिता पिता सांगायचा आणि अण्णा कौतुकानं मान हलवायचे. मी गुपचूप त्याची वही उघडून सगळं पाठ केलं. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीही कुणाला सांगितलं नाही. अढी होती मनात, दुसरं काय.

गावात शाळेच्या नव्या खोल्या निघाल्या. बारा चौकटींचं काम आमच्याकडं आलं. नकाशा मीटरमधला. लाकूड किती लागेल आणि काय पडेल, तो अंदाज अण्णांनी सरळ धाकट्याच्या हातात दिला.

"तूच कर. तुझ्या दादाला ह्यातलं न्हाय कळत," ते माझ्यासमोर म्हणाले. मी पटाशीला धार लावत होतो. बोट कापता कापता वाचलं.

दोन दिवसांनी धाकटा कागद घेऊन माझ्याकडं आला. "दादा, तुमी एकदा नजर टाका की."

गुणाकार सगळे बरोबर होते. चूक गुणाकारात नव्हतीच. आमच्या घरी चार इंच जाडीची चौकट म्हटली की लाकूड सव्वाचार इंचाचं धरायचं. करवतीत आणि रंध्याखाली जातं, म्हणून प्रत्येक बाजूला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढवायचा. अण्णा ते कधी लिहीत नसत, मनातच धरत. वखारीत आयतं कापलेलं लाकूड मोजणाऱ्याला ते कसं ठाऊक असणार? धाकट्यानं नकाशातले दहा सेंटीमीटर तसेच उचलले होते.

मला ते एका नजरेत दिसलं. खरं सांगतो, आनंद झाला. "बरोबर हाय," मी म्हणालो आणि कागद परत दिला.

त्या कागदावरून कामाचा आकडा ठरला. कळंबहून गाडीभर सागवान आलं. दहा चौकटी उभ्या राहिल्या आणि लाकूड संपलं. ठरलेला आकडा वाढवून मिळणार नव्हता. उरलेल्या दोन चौकटींचं सागवान आमच्या पदरचं. धाकट्याची जिरवायच्या नादात खड्डा आपल्याच घराला पडेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

अण्णांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "सूत धरलं न्हाय का?"

धाकट्याचा चेहरा उतरला. "चुकलं माझं, अण्णा," तो म्हणाला. कागद मला दाखवला होता, हे तो आता सांगेल म्हणून मी वाट बघत होतो. तो काही बोलला नाही.

मग अण्णांनीच मला विचारलं, "तुला दावलं व्हतं का त्यानं?"

"व्हय."

"मग तुला दिसलं न्हाय?"

"न्हाय दिसलं."

अण्णांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुला कसं दिसणार बाबा. मीटरमधलं तुला कुठं कळतंय. तुझा काय दोष."

मला कळत होतं. सगळं कळत होतं. पण ते सांगायची सोय मी स्वतःच ठेवली नव्हती. धाकटा माझ्याकडं बघत होता. त्याला काही उमगलं की नाही, कोण जाणे. मला मात्र त्या वेळीही त्याचाच हेवा वाटला. चुकलं माझं, असं त्याला म्हणता आलं होतं.