तोंडावरचा तळहात

माधवीताई गेल्या, हे त्यांच्या भाचीने फोनवर एका दमात सांगितलं आणि मला ते खरंच वाटेना. आदल्याच आठवड्यात आम्ही मायलेकी पेणला त्यांच्यासमोर बसलो होतो... आणि एका दमात आलेल्या वाक्याचा संशय घ्यायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

माझी मुलगी रेवा स्वमग्न आहे, बोलताना अडखळतेही. आईवडील मिठागरात राबले म्हणून मी घरातली पहिली पदवीधर झाले, पण या बाबतीत माझं शिक्षण कामी येईना. वाचाउपचारासाठी आमच्या अष्टमी गावाहून पेणला ताईंकडे जाऊ लागलो आणि थोड्याच दिवसांत रेवा न अडखळता म्हणाली, “पाणी हवंय का बाळा?” सासूबाईंनी शेजारणींना बोलावून ऐकवलं. ताईंनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. “हे वाक्य तुमचं आहे. आवाजसुद्धा तुमचाच.” घरी सांगितलं, तर सासूबाई उसळल्या, “पोर बोलली तर हिला का खुपतंय गो? बरी झाली तर हिच्याकडं जाईल कोण!” मलाही ते थोडं पटलं...

पुढच्या खेपेला रेवा वाटेत वडखळपासून तेच वाक्य म्हणत होती आणि मी पाणी पाजत होते. ताईंनी वाकून तिची सँडल काढली. टाचेला फोड येऊन फुटला होता. ‘दुखतंय’ हा शब्द तिच्यापाशी नव्हता. जे वाक्य होतं, तेच ती वापरत होती.

मग सराव बदलला. टेबलावरून चेंडू सावकाश ढकलायचा, त्याच्यासोबत शब्द हलकेच सोडायचा आणि थांबायचं. थांबताना ताई स्वतःच्या तोंडावर तळहात ठेवत. “माझ्या तोंडाचा भरवसा नाय, मध्येच तिचा शब्द पुरा करेल.” रेवा अडखळली की त्यांचे डोळे हसत; अडखळत आलेला शब्द तिचा स्वतःचा, असं त्या म्हणत. हा उपचार की नुसती समजूत, हा माझा संशय आजही पुरता गेलेला नाही. तरी घरी मी तसंच करू लागले. सासूबाई चिडवत, “दाढ दुखते काय गो?”

ताई गेल्याचं रेवाला कसं सांगावं, सुचेना. घरात कुणी तिच्यासमोर त्यांचं नावही काढलं नाही. पेणला जायच्या दिवशी तिने सँडल आणून माझ्यापुढे ठेवली, चेंडू हातात घेतला.

“ता... ता...”

सासूबाईंनी ओठ उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि तळहात तोंडावर दाबला. मीही.

“ताई... क... क... कुठंय?”

वाक्य पुरं झालं, तरी आम्हा दोघींचे हात खाली आले नाहीत.