भिंतीवरचं गलबत

बिरवाडीजवळच्या आमच्या औद्योगिक पार्कचं नाव बदलायचं मालकांनी ठरवलं. जुनं नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं. आता त्यांना त्यात इथली माती हवी होती. मी तिथे मालवाहतूक बघतो आणि मूळचा महाडचाच, म्हणून नव्या नावासाठी चित्र काढायला मुंबईहून आलेल्या डिझायनर बाईंना माझ्या हवाली केलं.

मी त्यांना माझ्या चाचांकडे नेलं. आमच्या आजोबांचं गलबत होतं. सावित्री नदीतून भात आणि लाकूड घेऊन ते मुंबईला जायचे, येताना कौलं, मीठ आणायचे. चाचा लहानपणी त्यावर हिंडलेले. ते बोलत राहिले, बाई ऐकत राहिल्या. निघताना चाचांनी भिंतीवरचा फोटो उतरवून त्यांच्या हातात दिला. डोलकाठीला हात लावून उभे आजोबा. लुंगी, दाढी, डोक्याला गोल टोपी.

"घेऊन जा पोरी, पण जपून. दुसरा नाय आमच्याकडे."

उद्घाटनाला चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून आले. गेटजवळच्या भिंतीवरचा पडदा सरला. गलबत हुबेहूब आमचं होतं, शिडाला मारलेलं ठिगळसुद्धा. डोलकाठीला हात लावून मात्र कुणी पागोटेवाला उभा होता. कपाळावर गंध, हनुवटी गुळगुळीत. खाली लिहिलेलं, 'वारसा आपल्या सर्वांचा'.

चाचा भिंतीजवळ गेले. मग हळूच म्हणाले, "हा कोण रे?"

मी बाईंना गाठलं, तर त्या खाली बघत म्हणाल्या, "मी फोटोसारखंच काढलं होतं. वरून बदलायला सांगितलं." मग पार्कच्या मोठ्या साहेबांकडे गेलो. ते हसले.

"मनाला लावून घेऊ नका. ते काय कुणाचं चित्र थोडंच आहे? प्रतीक आहे."

"माझे आजोबा आहेत, साहेब," मी म्हणालो. तोवर त्यांनी पाहुण्यांकडे तोंड वळवलं होतं.

चाचा जेवायला थांबले नाहीत. मोटरसायकलवर माझ्यामागे बसून महाडला परतले. घरापाशी उतरल्यावर एवढंच म्हणाले, "फोटो तेवढा परत आण."

तो मी आणून दिला. चाचांनी तो भिंतीवर लावला नाही, कपाटात ठेवला.

थोड्याच दिवसांत नव्या चित्राचे स्टिकर आले, प्रत्येक ट्रकच्या काचेवर लावायला. ते काम माझ्याच खात्याचं. काचा पुसून एकेक सरळ बसवला. वाकडा लागला असता, तर माझ्याच नावाने ओरड झाली असती.