तीन माड

जूचंद्रला आमच्या बिल्डिंगसमोर 'तीन माड' नावाचा बार आहे. पाटीवर तीन माड रंगवलेले, आणि दारातही तसेच तीन उभे असायचे. मालक सत्तरी उलटलेले, गावातले जुने. त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. ते स्वतः दारूला शिवत नाहीत. गल्ल्यावर बसून सोडा पितात आणि कोणी तिसरी बाटली मागितली की त्याच्या बायकोची खुशाली विचारतात.

गेल्या पावसाळ्यात वादळात एक माड पडला. मी आपला म्हणालो, "काका, प्यायल्यावर एकाचे दोन दिसतात. तुमच्याकडे तिनाचे दोन दिसायला लागले." सगळे हसले, काका नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या जागी माडाचं रोप लावलं. पाऊस सरल्यापासून टेबलांवरच्या बादल्यांतलं वितळलेल्या बर्फाचं पाणी ते स्वतः नेऊन त्याला घालतात. नोकरांना हात लावू देत नाहीत.

काकांच्या मुलाला ती जुनी पाटी काढून चकचकीत दिव्यांची लावायची होती. काका नुसते "बघू" म्हणाले आणि त्यांनी पेंटरला बोलावलं. रविवारी खाली उतरलो तर पाटीवर दोन उंच माड, आणि तिसऱ्याच्या जागी गुडघाभर रोप.

"काका, हे काय?"

"दारात हाय तेच पाटीवर पायजे."

मग शिडीवरून उतरणाऱ्या पेंटरकडे वळून म्हणाले, "दर वरसाला ये रं. इथं मी पानी घालतो, तिथं तू वाढवत जा."