दोन अक्षरांत अख्खी कमांड

बोटांना संधिवात झाला तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, टायपिंग कमी करा. आता काय बोलावं! गोंडपिपरीत घरी बसून मी एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते, आणि ते काम म्हणजे दिवसभर टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर लांबलचक कमांड बडवणं. माझी धाकटी जाऊ सिरोंचाची, कॉम्प्युटर शिकलेली. तिने माझ्यासाठी शेलला, म्हणजे त्या काळ्या पडद्यावर कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, जोडायचा एक छोटा प्लगिन लिहिला. दोन अक्षरं दाबली की तो जुन्या कमांडींतून हवी ती शोधून पुढे करायचा. त्याच्या जोरावर माझी नोकरी टिकली.

मग कंपनीने नवा लॅपटॉप पाठवला. जुन्यातलं सगळं मी जसंच्या तसं नव्यात टाकलं, दोन अक्षरं दाबली, तर तो म्हणे ही फाइल चालवता येत नाही. अरे, फाइल तर समोर दिसते आहे! माझं डोकं मुळात तापट. इरेला पेटून हातानेच टाइप करत राहिले, शेवटी चहाचा कप उचलवेना. जेवताना घरात सांगून टाकलं, महिनाअखेर नोकरी सोडते.

सकाळी जाऊ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. तिने मला समजावलं ते असं: जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर एका जातीचा, नव्याचा दुसऱ्या. प्लगिनचा वरचा भाग साधी स्क्रिप्ट, ती कुठेही चालते. पण शोधाशोध करणारा भाग जुन्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलेला, म्हणजे त्याच्याच भाषेत उतरवलेला, तो नव्याला कळत नाही. मी म्हटलं, मग नव्यावर पुन्हा कंपाइल कर की, एवढं काय त्यात!

तिने केलं, आणि पडदाभर एरर सांडले. मी शेवटची ओळ वाचून कपाळाला हात लावला. ती मात्र शांतपणे वर वर सरकत अगदी पहिल्या एररपर्यंत गेली. बाकीचे सारे याच्याच मागून आलेत, म्हणाली. शोध भराभर व्हावा म्हणून तिने जुन्या प्रोसेसरच्या खास सूचना वापरल्या होत्या, आणि नव्यात त्या नव्हत्याच. तेवढा तुकडा तिने साध्या पद्धतीने नव्याने लिहायला घेतला. कंपाइल लावून द्यायची, तलावातल्या मासोळ्या साफ करायला उठायची, हात धुऊन परत यायची. एरर आला की पुन्हा पहिल्यापासून वाचायची. मी असते तर लॅपटॉप त्याच मासोळ्यांच्या पाण्यात बुडवला असता.

सर्व्हर अजून जुन्याच जातीच्या प्रोसेसरवर चालत होते, आणि प्लगिन मला तिथेही लागतो. म्हणून तिने दोन्हींसाठी वेगवेगळे भाग बनवून एकाच फोल्डरमध्ये ठेवले. शेल उघडली की स्क्रिप्ट आधी मशीनला विचारते, बाबा तू कोणता, आणि त्याचाच भाग उचलते. दुपारी मी दोन अक्षरं दाबली. लॅपटॉपवरही अख्खी कमांड हजर, सर्व्हरवरही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. काय डोकं आहे या पोरीचं, आणि काय धीर!

मग फोल्डरमध्ये तिसराच एक भाग दिसला. ज्या प्रोसेसरसाठी तो होता, तो आमच्या घरात काय, कंपनीतही कोणाकडे नाही. लॅपटॉपवरच त्या मशीनची नक्कल चालवून तिने तोही तपासला होता. मी तिला चिडवलं, हा फुकटचा उपद्व्याप काऊन केला म्हणून.

"अक्का, पुढच्या वेळी कंपनी तुमाले कोणतं मशीन पाठवन, मले काय माहीत?" ती म्हणाली. "तवा तुमचं काम एक दिवसबी अडलं नाई पायजे."

मी महिनाअखेर सोडायला निघाले होते आणि ही माझ्या पुढच्या लॅपटॉपची तयारी करून बसली होती. जेवताना मी काय बोलले ते तिने नीट ऐकलं होतं, फक्त मानलं नव्हतं.