एक्सकॅव्हेटरला घातलेली माळ

ब्लॅकटाउनच्या इंडियन दुकानात झेंडूचा ढीग दिसला की मला अजून डिझेलचा वास येतो. जवळच्याच पॅरामॅटा उपनगरात ट्रामसाठी एक जुनी गल्ली पाडायची होती आणि मी साइट इंजिनियर होतो. बाकीची घरं रिकामी झाली होती, पण शेवटच्या घरातला इंग्रज म्हातारा नोटीस मिळूनही हलला नव्हता, म्हणून पोलीसही बोलावले होते. त्या दिवशी खंडेनवमी होती, म्हणून काम सुरू करण्याआधी मी रीतसर एक्सकॅव्हेटरची पूजा केली, कुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला. म्हातारा फाटकातून बघत होता. "इंग्लंडमध्ये आमची गल्ली अशीच पाडली," तो म्हणाला, "पण तिथे निदान कुणी सण केला नव्हता." मी समजवायला पुढे झालो, तर तो कुदळ घेऊनच बाहेर आला. पहिल्या घावात केबिनची काच फुटली, आतल्या पंजाबी ऑपरेटरचं कपाळ फाटलं. मी म्हाताऱ्याला धरायला गेलो तेव्हा दांडा माझ्या जबड्यावर बसला आणि तोंड रक्ताने भरलं. पोलिसांनी म्हाताऱ्याला चिखलात पालथं पाडलं, पाठीवर गुडघा रोवून बेड्या घातल्या. झटापटीत खाली पडलेल्या माळेचे चेंगरलेले झेंडू त्याच्या गालाला चिकटले होते. गाडी त्याला घेऊन गेली तसा ऑपरेटर कपाळाला रुमाल बांधून उठला, चिखलातली माळ उचलून त्याने मशीनला परत अडकवली आणि मला म्हणाला, "पूजा काम कर गई, भाईसाब. घर खाली हो गया." आजही खंडेनवमीला बायको गाडीला हार घालायला लागली की माझी जीभ खोट्या दातांवरून फिरते.