आमच्या शाळेचा पहिला कॉम्प्युटर

जुनं यंत्र तापलं की धुळीचा करपट वास येतो आणि मला सोनईची आमची शाळा आठवते. नव्वदचं दशक सरत आलं होतं, शाळेत नवे कॉम्प्युटर आले होते आणि ज्याच्यावर मी मुलांना शिकवायला सुरुवात केली तो पहिला कॉम्प्युटर भंगारात निघाला होता. तेवढ्यात जुने कॉम्प्युटर जमवणारे एक निवृत्त इंजिनीअर पुण्याहून तो बघायला आले. पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून शिपाईमामा कीबोर्डवर मी चिकटवलेली मराठी अक्षरं ओल्या फडक्यानं खरवडू लागले, तर पाहुणे ओरडलेच, "अहो, राहू द्या ते!" मामा चकित झाले. "लई कळकट दिसतंय, साहेब." पाहुणे हसले. "चकाचक केलेले पुष्कळ मिळतात, मामा. सगळे भाग मूळचे आणि वापरणाऱ्याची खूण अंगावर, असा मिळत नाही. फक्त चालू व्हायला हवा." "होणार," मी म्हणाले. दर शनिवारी मी तो थोडा वेळ चालवतच होते. बटण दाबलं, पंखा घरघरला आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. ते पाहून हेडसर म्हणाले, "मग आपणच ठेवू की!" मी ठाम नाही म्हणाले. "सर, आपल्या गळक्या खोलीत तो एक पावसाळा काढणार नाही. यांना द्या." हेडसर रागावले, पण त्यांनी दिला. पुण्यात तो आजही चालतो. माझा निर्णय बरोबर होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.